भिंतभर लग्न

दत्ता कांबरीला प्रोजेक्टर हवा होता रविवारच्या क्रिकेट फायनलसाठी. बायकोला मात्र त्याने सांगितलं, की लग्नाच्या वाढदिवसासाठी घेऊ. पुढे जे काही झालं ते या एका थापेतून झालं, पण मारताना ती थाप अगदीच साधी वाटली होती.

"पंचवीस वर्षं होतील येत्या बुधवारी," ताटावर बसल्या बसल्या तो वनिताला म्हणाला. "कॅसेट नुसती कपाटात सडतेय. भिंतभर मोठी करून बघू की. आईंना बोलव, हर्षलाला बोलवू."

वनिताने तव्यावरची भाकरी उलटली आणि नवऱ्याकडे वळून बघितलं. पंचवीस वर्षांत दत्ताने लग्नाचा वाढदिवस आपणहून दोनदा लक्षात ठेवला होता, आणि त्यातला एक चुकीच्या तारखेला. तेव्हा तिला शंका यायला हरकत नव्हती. पण शंका यायच्या ऐवजी तिचा चेहरा असा काही उजळला, की दत्तालाच आत कुठेतरी टोचलं. तेवढ्यापुरतंच. मग तो समोरच्या भिंतीचं मनातल्या मनात माप घेऊ लागला.

दत्ता खोपोलीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा आणि दहिवलीत त्याचं स्वतःचं घर होतं. मुलगी समीक्षा नवी मुंबईच्या कंपनीत कामाला होती, पण आठवड्यातले तीन दिवस तिची कंपनी घरच्या डायनिंग टेबलावरच भरायची. त्यामुळे कॉम्प्युटरचा विषय निघाला की घरात सगळे तिच्याकडे बघत. कॅसेट चालवायचा व्हीसीआर भंगारात जाऊन जमाना झाला होता. समीक्षाने ती कर्जतच्या बाजारात एका फोटो स्टुडिओत दिली. चार दिवसांनी लग्न पेनड्राइव्हमधून परत आलं, तेव्हा स्टुडिओवाला म्हणाला, "बुरशी होती, पण लग्न निघालंय सगळं." मग समीक्षाने दोन संध्याकाळी लॅपटॉपवर बसून ते आणखी स्वच्छ केलं.

"बाबा, एक गंमत आहे," ती म्हणाली. "जुन्या टीव्हीवर चित्राच्या कडा कापल्या जायच्या. आता सगळं दिसेल. अगदी काठापर्यंत."

"दिसू दे की," दत्ता म्हणाला. त्या काठांवर काय आहे ते त्याला आठवत नव्हतं.

हॉलमधली मोठी आणि सपाट भिंत एकच होती, आणि तिच्या मधोमध त्यांच्या लग्नाचा फ्रेम केलेला फोटो होता. अंतरपाट धरलेला आहे आणि त्याच्या कडेने मान तिरकी करून मुंडावळ्यांतला दत्ता हसतो आहे, असा तो फोटो. घरी येणाऱ्या प्रत्येकाला वनिता तो दाखवत असे. "मला काय थरथर सुटलेली त्या वेळी. पण हे असे हसले ना, तेव्हा माझ्या जिवात जीव आला." पाहुणे म्हणत, नवरदेवाला दम धरवला नाही. यावर वनिता लाजायची आणि दत्ता विषय बदलायचा.

फोटो काढून सोफ्यावर ठेवला. खिळा मात्र भिंतीतच राहिला, आणि पहिल्या चाचणीत तो नेमका भटजींच्या नाकावर आला. दत्ताने खिळा उपटला तर त्याच्याबरोबर वाटीएवढा गिलावा निघाला. तो खड्डा घाईघाईने टूथपेस्ट भरून बुजवला, त्यामुळे ऐन बुधवारी हॉलमध्ये पुदिन्याचा वास सुटला होता. प्रोजेक्टरची उंची जमेना म्हणून तांदळाच्या पिंपावर पाट, पाटावर समीक्षाची इंजिनिअरिंगची दोन जाडजूड पुस्तकं आणि त्यावर प्रोजेक्टर, अशी रचना झाली. "चार वर्षांत पहिल्यांदा ही पुस्तकं उपयोगाला आली," समीक्षा म्हणाली.

बुधवारी सात वाजेपर्यंत माणसं जमली. कोंडाण्याहून वनिताची आई सोनाबाई आली. नेरळहून दत्ताची धाकटी बहीण हर्षला आली. ती लग्नात करवली होती. आणि शेजारचा किरण आला. तो दत्ताचा शाळेपासूनचा मित्र. दत्ताने त्याला बोलावलं होतं ते रविवारची तालीम म्हणून. "भिंत बघून घे," त्याने किरणला बाजूला घेऊन सांगितलं. "बॉल केवढा दिसंल त्याचा अंदाज येईल."

मे महिन्यातला उजेड जाता जात नव्हता, म्हणून खिडक्यांना चादरी लावल्या. पंखा पाचवर केला तर चादरी फडफडून उजेड आत येई. कमी केला तर सगळे घामाने भिजत. शेवटी चादरीच्या टोकांना कपडे वाळत घालायचे चिमटे लागले आणि समीक्षाने लॅपटॉपवर बोट ठेवलं.

भिंतीवर एक हंस पोहत आला. हंसाच्या पाठीवर गुलाबी हृदय होतं आणि हृदयात दत्ता आणि वनिता यांची नावं गोल गोल फिरत होती. मग कोंडाण्याचं अंगण दिसलं, मांडव दिसला, आणि माणसं. टीव्हीवर बोटाएवढी दिसणारी माणसं आता दाराएवढी झाली होती. पहिल्या पाच मिनिटांतच कुणाला मुख्य लग्नात रस उरला नाही. सगळे कडेकडेला बघू लागले.

"ते बघ, तात्या झोपलाय," हर्षला म्हणाली. "आणि आपल्याला सांगत होता, रात्रभर मी राबलो."

"ती माजी साडी," सोनाबाई उठून भिंतीजवळ गेली आणि तिने बोट लावलं. "तिच्या अंगावर माजी साडी हाय. मी म्हनलं होतं ना पेटीत एक कमी हाय. नाय म्हनलं होतं?"

"आजी, तुझी सावली पडतेय."

"पडू दे. मागं घे जरा."

या "मागं घे"ची सगळ्यांना चटक लागली. आयुष्यात पहिल्यांदाच झालेली गोष्ट मागं घेता येत होती, थांबवता येत होती, आणि लॅपटॉपवर दोन बोटं फाकवली की मोठीही करता येत होती. सोनाबाईची साडी तीन वेळा मागं घेऊन झाली. पंगतीतला एक पाहुणा पिशवीत जिलेब्या भरताना पकडला गेला. वनिता खुशीत होती. ती चिवड्याची बशी फिरवत म्हणाली, "आता अंतरपाट येईल. नीट बघा हां."

अंतरपाट आला. कॅमेरावाला स्टुलावर उभा राहिला असावा, कारण सगळं बाजूने दिसत होतं. मधे पडदा, डावीकडे दत्ता, उजवीकडे खाली मान घातलेली वनिता, आणि तिच्या मागे दाटीवाटीने माणसं. भटजींनी सूर लावला. दत्ताने मान तिरकी केली, पडद्याच्या कडेने बघितलं, आणि हसला.

"बघितलंत?" वनिता म्हणाली.

"बाबा, थांबा," समीक्षाने चित्र थांबवलं. "तुम्ही आईकडे नाही बघत आहात."

"म्हणजे?"

"नजर बघा ना. आई इथे खाली आहे. तुम्ही तिच्या डोक्यावरून मागे बघताय."

हर्षला पुढे सरकली. भावाच्या नजरेची रेघ तिने हवेत बोटाने ओढत नेली. ती वनिताच्या डोक्यावरून गेली आणि उजव्या काठाला, जिथे टीव्हीवर कधीच काही दिसलं नव्हतं, तिथे एका पिवळ्या ड्रेसवर येऊन थांबली. "ही रूपाली ना, वहिनी? तुमची मैत्रीण?"



"रूपालीच हाय," सोनाबाई म्हणाली. "तेव्हा दिसायला बरी होती."

वनिताने चिवड्याची बशी हळूच टीपॉयवर ठेवली. "अच्छा," ती म्हणाली.

दत्ताला पंचवीस वर्षांचा संसार त्या एका "अच्छा"मध्ये हलल्यासारखा वाटला. "अगं, कोण रूपाली? मी तिला ओळखत पण नव्हतो."

"मग हसलात कशाला?"

"हसलो... असंच. लग्न होतं, हसायला नको?"

किरणला वाटलं आपण मित्राच्या मदतीला जायला हवं. "वहिनी, दत्ता तसल्यातला नाय. रूपालीकडं तर तेव्हा सगळेच बघायचे." हे बोलून झाल्यावर त्याला कळलं की मदत झाली नाही. तो चिवडा खाऊ लागला.

"समीक्षा, पुढं घे," वनिता म्हणाली. "हळूहळू घे."

समीक्षाने एकेक पाऊल टाकावं तसं चित्र पुढे नेलं. दत्ता पुन्हा वाकला. मान डोलावली. मग कपाळाला आठ्या. मग पुन्हा हसू. तेवढ्यात रूपालीच्या मागून एक हात वर आला. हाताची चार बोटं ताठ होती.

"हे काय?" समीक्षाने तो भाग मोठा केला. रूपालीच्या खांद्यामागे एक काटकुळा तरुण उभा होता. एका हाताने त्याने खिशातला ट्रान्झिस्टर कानाला लावला होता आणि दुसऱ्या हाताची चार बोटं नवरदेवाला दाखवत होता.

"किरणकाका, हे तुम्ही आहात."

"मी? छे," किरण म्हणाला. "माझे केस एवढे नव्हते."

"किरणभावजी," वनिता शांतपणे म्हणाली, "ही चार बोटं कसली?"

किरणने दत्ताकडे बघितलं, दत्ताने छताकडे. आता एकीकडे रूपाली होती आणि एकीकडे क्रिकेट. दत्ताने विचार केला, की क्रिकेट कबूल केलं तर सुटका आहे. त्यात कुठल्या बाईचा संबंध नाही. त्याने खोल श्वास घेतला.

"मॅच होती," तो म्हणाला. "मुहूर्त आणि मॅच एकाच वेळी आलेली. मी किरणला म्हणालो, तू मागं उभा राहा आणि स्कोअर दाखव. ही चार बोटं म्हणजे चौका. रूपाली मधे आली ती तिच्या नशिबानं. झालं? एवढंच होतं."

असं म्हणून तो निर्दोष सुटलेल्या माणसासारखा सगळ्यांकडे बघू लागला.  समीक्षाने नकळत बटण दाबलं आणि भिंतीवर किरणने दोन्ही हात आभाळाकडे केले. भोवतीची माणसं अक्षता टाकत होती, त्याच्या हातात मात्र एक दाणा नव्हता. नवरदेवाचा चेहरा खुलला, तो पडद्याच्या कडेने बाहेर वाकला, आणि अगदी सोफ्यावर ठेवलेल्या फोटोसारखा हसला.

"हा सिक्स," किरण पुटपुटला.

वनिताने ते हसू भिंतीवर पाहिलं. मग म्हणाली, "रूपालीकडं बघितलं असतंत तरी मी समजून घेतलं असतं. निदान ते माणूस तरी होतं."

"अगं पण..."

"तो प्रोजेक्टर उद्याच्या उद्या परत द्यायचा. दहा दिवसांत परत घेतात म्हणून लिहिलंय खोक्यावर. मला काय तो घरात नको."

दत्ताच्या डोळ्यांपुढून रविवारची फायनल भिंतीवरून खाली ओघळून गेली.

हर्षलाचं मात्र समाधान झालं नव्हतं. भावाने क्रिकेटचा कबुलीजबाब दिला तो रूपाली लपवायला, असा तिचा संशय होता. "ते सगळं ठीक हाय दादा," ती म्हणाली, "पण मग ही रूपाली पुढं का येतेय? बघ ना, हात पुढं करतेय. समीक्षा, तो हात बघू."

खरंच, पिवळ्या ड्रेसमधून एक हात गर्दीतून पुढे येत होता. मुठीत काहीतरी होतं.

"चिठ्ठी हाय," सोनाबाई म्हणाली.

"लाइट लाव," वनिता एकदम उठली. "पुरं झालं. सगळ्यांना भूक लागली असंल."

ती किती चपळाईने उठली ते सोनाबाईने पाहिलं. ही बाई पन्नास वर्षं भाताच्या खळ्यावर आणि नवऱ्याच्या घरी माणसं ओळखत आली होती. "बस तू," ती म्हणाली. "समीक्षा, चालू दे."

हात अंतरपाटापर्यंत आला, पण नवरदेवाकडे गेला नाही. तो वळला आणि नवरीच्या शेल्याखाली शिरला. नवरीची मान आणखी खाली गेली. मग वर आली, तेव्हा तिचा गाल आंब्याएवढा फुगलेला होता, आणि नवरदेव पडद्याच्या कडेने पुन्हा तसाच हसत होता.

"वने," सोनाबाई म्हणाली, "तोंडात काय हाय?"

"काय नाय. दाढ दुखत होती. सुजलेली."

"लग्नाच्या दिवशी?"

"त्याच दिवशी दुखायला लागली."

"आई," समीक्षा अतिशय सौम्यपणे म्हणाली, "गाल आतबाहेर होतोय."

एव्हाना हर्षलाने फोन कानाला लावला होता. रूपाली लग्न होऊन बदलापूरला असायची आणि दोघींची भिशी एकच होती. हर्षलाने फोन स्पीकरवर टाकला. वनिताच्या लग्नाची कॅसेट बघतोय, एवढं ती बोलली असेल नसेल, तर पलीकडून रूपाली खळखळून हसली.

"अगं, वडा दिसला का त्यात? मी तिला सांगत होते, कॅमेरा चालू हाय म्हणून. सकाळपासून पोटात काय नव्हतं, चक्कर येतेय म्हणाली. मग मी कर्जत स्टेशनवरून येताना आणलेला, तोच दिला हळूच. अख्खा घातला गं तिनं तोंडात. मिरचीसकट. डोळ्यांत पाणी आलं तर लोक म्हणाले, पोरगी आईबापासाठी रडतेय." रूपाली पुन्हा हसली. "तिच्या आईला सांगू नका हां. नाहीत ना तिथं?"

"हाय मी," सोनाबाई म्हणाली.

फोन कट झाला.

हा धक्का सोनाबाईला केवढा होता ते घरच्यांनाच ठाऊक. तिच्या वनिताने लग्नाच्या दिवशी मुहूर्त लागेपर्यंत पाण्याचा थेंब घेतला नव्हता, ही गोष्ट कोंडाण्यात तिने दारोदार सांगितली होती. सुनेने चतुर्थीला दुपारी जरा जास्त साबुदाणा घेतला, तरी तिला ती ऐकवली जाई. सोनाबाईने पदराने कपाळ पुसलं.

"बटाटावडा," ती म्हणाली. "अंतरपाटाच्या मागं."

"आई, मला खरंच चक्कर येत होती."

"मी सुनंला पंचवीस वरसं ऐकवतेय. आता तिच्यापुढं तोंड कसं दावू?"

"तिला सांगूच नका की," किरण म्हणाला. या संध्याकाळी त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलंच शहाणपणाचं वाक्य होतं, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. कारण भिंतीवर लग्न अजून चालू होतं, आणि उजव्या काठाने एक उंच माणूस चित्रात शिरत होता. डोक्यावर फेटा, खांद्यावर पंचा.

"बाबा," वनिता म्हणाली.

वनिताचे वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती. ते मागून पुढे आले, तेव्हा त्यांची नजर थेट लेकीच्या गालावर होती. क्षणभर ते थबकले. मग त्यांनी खांद्यावरचा पंचा झटकून पसरला, जणू घाम पुसायचा आहे, आणि नवरी आणि कॅमेऱ्याकडचे पाहुणे यांच्या मधे जाऊन उभे राहिले. त्यानंतर सगळी मंगलाष्टकं संपेपर्यंत कॅमेऱ्यात नवरी दिसलीच नाही. दिसली ती तिच्या बापाची रुंद पाठ.

ही पाठ घरात प्रसिद्ध होती. टीव्हीवर कॅसेट लागायची तेव्हा या जागी सगळे वैतागत. ऐन वेळी नवरीच्या बापाने कॅमेऱ्याला पाठ केली आणि पोरीचं लग्न दिसलंच नाही, म्हणून सोनाबाई नवऱ्याला बोलायची. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "माज्या ध्यानात नाय आलं."

"मागं घे गं," सोनाबाई म्हणाली.

समीक्षाने मागं घेतलं. ते पुन्हा आले, पुन्हा थबकले, पुन्हा पंचा पसरला. सोनाबाईने आणखी एकदा मागं घ्यायला लावलं.  

"मरंस्तवर बोलले नाय बघ," शेवटी ती म्हणाली. "मी एवढी कडाकडा बोलायचे, तरी पोरीचं नाव नाय घेतलं."

मग ती वनिताकडे वळली. "गरम होता का वडा?"

"होता," वनिता म्हणाली आणि चहा ठेवायला म्हणून आत गेली.

दत्ता तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात आला. आता आपली बाजू थोडी जड झाली आहे, असं त्याला वाटत होतं. एक चूक त्याची, एक तिची. हिशेब मिटला, प्रोजेक्टर राहिला. पण वनिता ओट्यापाशी पाठमोरी उभी होती आणि चहाचं आधण उकळून उतू जायला आलं तरी तिचं लक्ष नव्हतं. त्याने गॅस बारीक केला.

"एका मॅचवरनं एवढं मनाला लावून घ्यायचं?" तो हळूच म्हणाला.

"मॅचचं नाय हो." ती अजूनही वळली नव्हती. "माझ्या तोंडात वडा होता. वर बघितलं तर तुम्ही पडद्याच्या कडेनं बघताय. मला वाटलं, संपलं सगळं. आता हा माणूस ओरडणार, सासरी नाव जाणार, खादाड म्हणून. आणि तुम्ही हसलात." तिने साखर घातली, आणि घातली हे विसरून पुन्हा घातली. "मला वाटलं तुम्ही बघितलंत. बघितलंत आणि हसून पोटात घातलंत. पंचवीस वर्षं मी तेच धरून बसलेय. तुम्ही पगाराच्या दिवशी उशिरा आलात, माझ्या भावाशी भांडलात, तरी मी म्हणायचे, असू दे, माणूस पोटात ठेवणारा हाय. आणि तुम्ही बघितलं पण नव्हतं."

दत्ताला आत्ता कळलं की तो फोटो एवढी वर्षं भिंतीवर कशासाठी होता. खोटं बोलायला ही फार चांगली वेळ होती. थोडंसं दिसलं होतं, एवढं म्हणाला असता तरी भागलं असतं. पण एका थापेचं काय झालं ते बाहेर भिंतीवर अजून चालूच होतं.

"नव्हतं बघितलं," तो म्हणाला. "मला पण सकाळपासून उपास होता गं. बघितलं असतं तर अर्धा मागितला असता."

वनिताचे खांदे हलू लागले. दत्ता घाबरला. मग त्याच्या लक्षात आलं की ती हसते आहे. ती हसता हसता ओट्याला टेकली, डोळे पुसले, आणि दोनदा साखर घातलेला तो चहा दोघांनी तिथेच उभ्याउभ्या, एका कपातून प्यायला.

प्रोजेक्टर परत गेला नाही. दत्ताने देवाचे आभार मानले आणि फायनलची तयारी सुरू केली. पण हर्षलाच्या पोटात गोष्ट राहत नसे. गुरुवारी नेरळला आणि शुक्रवारपर्यंत दहिवलीच्या निम्म्या आळीला कळलं, की कांबरींच्या भिंतीवर जुनी लग्नं लागतात आणि त्यात टीव्हीवर कधी न दिसलेलं सगळं दिसतं. वनिताकडे फोन येऊ लागले. स्टुडिओवाल्याकडे कॅसेटींचा ढीग पडला. वनिताने कॅलेंडरवर कुणाचं लग्न कोणत्या दिवशी ते लिहायला घेतलं, आणि रविवार तिने नणंदेला देऊन टाकला, कारण ती घरातली.

रविवारी फायनल सुरू झाली तेव्हा हॉलमध्ये पंधरा-वीस बायका बसल्या होत्या. पहिल्या रांगेत हर्षलाचा नवरा होता. त्याला बायकोने नेरळहून रिक्षात घालून आणलं होतं आणि तो दाताच्या डॉक्टरकडे बसावं तसा बसला होता. दत्ता आणि किरण बाहेर ओट्यावर, किरणच्या मोबाईलवर मॅच बघत होते. बॉल मुगाच्या दाण्याएवढा दिसत होता. आतून मधूनच "मागं घे" असा एकमुखाने आवाज येई आणि पाठोपाठ कुजबुज होई.

किरणचं मॅचमध्ये लक्ष नव्हतं. दोन ओव्हर झाल्यावर तो म्हणाला, "दत्ता, तो प्रोजेक्टर परत नाय का देता येत?"

"दहा दिवस काल संपले. का रं?"

"आमच्या हिनं पण कॅसेट टाकलीय स्टुडिओत. येत्या शनिवारचा नंबर लागलाय."

"मग? काय हाय त्यात?"

किरणने मोबाईल गुडघ्यावर पालथा ठेवला. त्याच क्षणी कुणीतरी आउट झालं असावं, कारण मोबाईलमधून लोकांचा गलका ऐकू आला, पण दोघांपैकी कुणीही तो उचलून बघितला नाही.

"तेच आठवत नाय रं," किरण म्हणाला. "चार दिवस आठवतोय."